मॉरिशसमधील मराठी पूर्वजांचा अभिलेखांतून शोध

मॉरिशसमधील मराठी पूर्वजांचा अभिलेखांतून शोध ही एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातून करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्या मराठी भाषकांची ओळख जुन्या सरकारी नोंदींच्या आधारे निश्चित करण्याची पद्धत होय. या शोधाचा मुख्य आधार म्हणजे ब्रिटिश वसाहतीच्या आप्रवासन खात्याने ठेवलेल्या नोंदवह्या. प्रत्येक मजुराला बंदरावर दिलेला आप्रवासी क्रमांक, त्याचे व वडिलांचे नाव, वय, उंची, जात, मूळ गाव, जहाज आणि मालक यांची माहिती त्यांत आढळते. या नोंदवह्यांचा मोठा संग्रह मॉरिशसमधील मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेला आहे. कोकण, कोल्हापूर, सातारा व बेळगाव या भागांतून गेलेल्या अनेक कुटुंबांसाठी मूळ गावापर्यंत पोहोचण्याचा हाच एकमेव लेखी दुवा आहे.

पार्श्वभूमी

मॉरिशस बेटावर १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपुष्टात आली. उसाच्या मळ्यांसाठी स्वस्त मजूर मिळावेत म्हणून मळेवाल्यांनी त्याआधीच भारताकडे लक्ष वळवले होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ या जहाजातून कलकत्त्याहून आलेले ३६ मजूर पोर्ट लुई येथे उतरले. हा दिवस मॉरिशसमध्ये राष्ट्रीय सुट्टी म्हणून पाळला जातो. भरतीतील फसवणूक व मजुरांचे हाल यांविषयी तक्रारी झाल्यामुळे १८३९ मध्ये हे स्थलांतर थांबवण्यात आले. १८४२ मध्ये सरकारी देखरेखीखाली ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही तीन बंदरे त्यासाठी नेमून देण्यात आली.

१८३४ ते १९१० या काळात सुमारे साडेचार लाख भारतीय मॉरिशसला गेले. त्यांपैकी जवळपास एक-तृतीयांश परतले, उरलेले तेथेच स्थायिक झाले. १८६१ पर्यंत बेटाच्या लोकसंख्येत भारतीयांचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश झाले होते. तीन बंदरांपैकी मुंबईहून गेलेल्यांची संख्या सर्वांत कमी होती आणि त्यांतील बहुतेक जण एकोणिसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत गेले. ही गोष्ट शोधकर्त्याने प्रथम लक्षात घेणे आवश्यक आहे, कारण त्या काळात भारतातील खेड्यांत जन्म-मृत्यूची नियमित नोंदणी सुरू झालेली नव्हती.

पोर्ट लुई बंदरावर मजुरांसाठी १८४९ पासून उभारलेले आप्रवासन केंद्र पूर्वी ‘कुली घाट’ म्हणून ओळखले जाई. आज त्याचे नाव आप्रवासी घाट असे असून २००६ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश केला. तेथील १६ दगडी पायऱ्या चढून मजूर या भूमीवर पाऊल ठेवत. त्यांची पहिली नोंदही याच केंद्रात होई.

नोंदी ठेवण्याचा हेतू

या नोंदी मजुरांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या नव्हत्या. मजूर कोणत्या मालकाकडे बांधलेला आहे, त्याचा करार केव्हा संपतो, तो मळा सोडून पळाला आहे काय, हे प्रशासनाला एका दृष्टिक्षेपात कळावे हा त्यांचा हेतू होता. सुरुवातीच्या करारांत पुरुष मजुराला दरमहा ५ रुपये वेतन व शिधा मिळे. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचे वेतन कापण्याची प्रथाही होती.

१८६७ च्या कायद्याने हे नियंत्रण अधिक कडक केले. करार पूर्ण केलेल्या, म्हणजे ‘जुन्या’ आप्रवाशालाही स्वतःचे छायाचित्र लावलेले तिकीट सतत जवळ बाळगणे सक्तीचे झाले. तिकीट जवळ नसणाऱ्याला भटक्या ठरवून अटक करता येई. अशा लोकांना ग्रँड रिव्हर नॉर्थ वेस्ट येथील भटक्यांच्या कोठडीत ठेवून सक्तीचे काम दिले जाई. या जाचाविरुद्ध १८७१ मध्ये अडॉल्फ द प्लेव्हिट्झ या मळेवाल्याच्या साहाय्याने जुन्या आप्रवाशांनी अर्ज केला. त्यानंतर १८७२ मध्ये शाही चौकशी आयोग नेमला गेला व १८७५ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला.

जितके नियंत्रण कडक, तितक्या नोंदी अधिक, असा या कागदपत्रांचा स्वभाव आहे. ज्या माणसाला लिहिता-वाचता येत नव्हते आणि ज्याच्या नावावर जमीन नव्हती, त्याची उंची, अंगावरील व्रण आणि वडिलांचे नाव वसाहतीच्या दप्तरात कायम राहिले. त्याच काळात गावी राहिलेल्या त्याच्या भूमिहीन भावाची मात्र कोणतीही लेखी खूण बहुधा मिळत नाही.

नोंदींचे प्रकार

आगमन नोंदवही: जहाजाने आलेल्या प्रत्येक आप्रवाशाची ही मूळ नोंद होय. क्रमांक, नाव, वडिलांचे नाव, लिंग, वय, उंची, जात, शरीरावरील खुणा, गाव, परगणा व जिल्हा, जहाजाचे नाव, आगमनाची तारीख आणि मळ्याचे किंवा मालकाचे नाव असे रकाने तिच्यात असतात. शेऱ्याच्या रकान्यात विवाह, मृत्यू किंवा भारतात परतल्याची नोंद पुढे जोडलेली आढळते.

जहाजाची यादी: एका जहाजातील सर्व प्रवाशांची यादी. सोबत आलेले नातेवाईक व गावकरी ओळखण्यास ती उपयोगी पडते.

छायाचित्रे व तिकिटे: १८६० च्या दशकापासून आप्रवाशांची छायाचित्रे घेतली जाऊ लागली. मुंबईहून बरेच मजूर त्यापूर्वी गेलेले असल्याने त्यांचे आगमनाच्या वेळचे छायाचित्र मिळत नाही. मात्र पुढे तिकिटासाठी काढलेले छायाचित्र सापडण्याची शक्यता असते. अशा छायाचित्रात तरुण मजुराऐवजी प्रौढ माणूस दिसतो, म्हणून त्यावरून आगमनाच्या वेळचे वय ठरवू नये.

दिवाणी नोंदणीचे दाखले: जन्म, विवाह व मृत्यूचे दाखले मॉरिशसच्या दिवाणी नोंदणी विभागाकडे असतात. जुन्या दाखल्यांत आई-वडिलांचे आप्रवासी क्रमांक लिहिलेले आढळतात. आजच्या वंशजाला एकोणिसाव्या शतकाशी जोडणारी हीच कडी आहे.

शोधाचा क्रम

शोध वर्तमानाकडून भूतकाळाकडे न्यावा लागतो. गावाच्या नावापासून खाली उतरण्याचा प्रयत्न केल्यास समान नावाच्या भलत्याच माणसाला पूर्वज मानण्याचा धोका असतो.

पहिल्या टप्प्यात हयात व्यक्तीच्या जन्मदाखल्यापासून आई-वडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा अशी एकेक पिढी दाखल्यांच्या आधारे सिद्ध केली जाते. ज्या दाखल्यात आप्रवासी क्रमांक प्रथम आढळतो तेथे हा टप्पा संपतो. दुसऱ्या टप्प्यात त्या क्रमांकावरून आगमन नोंदवहीतील मूळ नोंद काढली जाते. तिसऱ्या टप्प्यात वय, वडिलांचे नाव, मळा व शेरे यांचा दाखल्यांतील माहितीशी मेळ घातला जातो. नाव जुळले पण वयात मोठा फरक पडला किंवा मृत्यूची नोंद मुलाच्या जन्माच्या कितीतरी आधीची निघाली, तर ती नोंद वेगळ्या व्यक्तीची समजावी.

चौथ्या टप्प्यात लगतच्या क्रमांकांच्या नोंदी वाचल्या जातात. क्रमांक आगमनाच्या क्रमाने दिले जात असल्याने एका जहाजातील प्रवाशांचे क्रमांक बहुधा जवळजवळ येतात. भाऊ, मेहुणे किंवा एकाच गावचे लोक अनेकदा बरोबर निघत. पूर्वजाच्या नोंदीत गावाचे नाव अस्पष्ट असले, तरी शेजारच्या नोंदीत तेच नाव स्पष्ट लिहिलेले सापडू शकते.

नाव, आडनाव आणि लेखनभेद

मजुराने उच्चारलेले मराठी नाव मराठी न जाणणारा कारकून इंग्रजी किंवा फ्रेंच वळणाने रोमन लिपीत उतरवीत असे. त्यामुळे एकच नाव वेगवेगळ्या कागदांत वेगवेगळ्या रूपांत दिसते. ‘ळ’, ‘ण’ आणि ‘ठ’ यांसारखे वर्ण रोमन लिपीत नीट उतरत नाहीत. ‘व’ आणि ‘ब’ यांची अदलाबदल होते, तर शब्दाच्या शेवटचा अनुनासिक उच्चार गळून जातो. शोध घेताना नावाचे लेखन समोर न ठेवता उच्चार समोर ठेवावा आणि त्याची संभाव्य रूपे आधी लिहून काढावीत, असा संकेत आहे.

आडनावांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. नोंदवहीत मजुराचे एकच नाव असे, आणि पुढील पिढ्यांत तेच कुटुंबाचे आडनाव बनले. त्यामुळे मॉरिशसच्या मराठी समाजात रामजी, भिवाजी, सखाराम, तुकाराम यांसारखी मूळची व्यक्तिनामे आडनावे म्हणून आढळतात. महाराष्ट्रातील आडनावांच्या यादीत त्यांचा शोध घेणे व्यर्थ ठरते. ज्या पूर्वजाच्या नावावरून आडनाव आले, तो पहिला आप्रवासी किंवा त्याचा पिता असण्याची शक्यता मोठी असते, एवढाच बोध त्यांतून घेता येतो. दोन कुटुंबांचे आडनाव समान असणे हा नात्याचा पुरावा ठरत नाही.

जातीचा रकानाही सावधपणे वाचावा लागतो. त्यात कधी जात, कधी प्रदेशवाचक शब्द, तर कधी केवळ धर्म लिहिलेला असतो.

गावाची निश्चिती: उचगावचे उदाहरण

नोंदीत गावाचे नाव मिळाले म्हणजे शोध संपला असे होत नाही. वडगाव, नांदगाव, पिंपळगाव अशी नावे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आढळतात. एकाच सांस्कृतिक प्रदेशातही असा पेच निर्माण होतो. उचगाव हे त्याचे बोलके उदाहरण आहे. एक उचगाव कोल्हापूर शहरालगत करवीर तालुक्यात आहे, तर दुसरे बेळगावनजीक बेळगाव तालुक्यात आहे. दोन्ही गावांत मराठी बोलली जाते. समजा एखाद्या नोंदीत या नावाशी जुळणारा शब्द आढळला, तर केवळ त्यावरून दोहोंपैकी कोणते गाव हे ठरवता येणार नाही.

येथे जिल्ह्याचा रकाना निर्णायक ठरतो. एकोणिसाव्या शतकात करवीर तालुक्यातील उचगाव कोल्हापूर संस्थानच्या मुलखात होते, तर बेळगावजवळचे उचगाव मुंबई इलाख्यातील ब्रिटिश जिल्ह्यात होते. नोंदीत ‘कोलापूर’ असा शब्द असेल तर शोध एका दिशेला जातो, ‘बेळगाम’ असेल तर दुसऱ्या. जिल्ह्याच्या रकान्यात केवळ ‘बॉम्बे’ असेल, तर तो शब्द मूळ जिल्हा न सांगता जहाज सुटलेल्या बंदराचा किंवा इलाख्याचा निर्देश करतो, असेच समजावे. अशा वेळी सहप्रवाशांच्या नोंदी आणि कुटुंबात टिकलेली कुलदैवताची माहिती यांचा आधार घ्यावा लागतो.

जुन्या प्रशासकीय सीमा ध्यानात ठेवणेही आवश्यक आहे. नोंदीतील ‘रत्नागिरी’ आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण किंवा वेंगुर्ले असू शकते, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. ‘सातारा’ म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्याचा काही भागही असू शकतो. सावंतवाडी हे स्वतंत्र संस्थान होते. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले, आणि बेळगाव जिल्हा १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे एकाच जहाजातून गेलेल्या शेजारच्या गावकऱ्यांची कागदपत्रे आज दोन राज्यांच्या दप्तरांत विभागलेली असू शकतात.

भारतातील साधने

मुंबई येथील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागाराची स्थापना १८२१ मधील असून मुंबई सरकारचा स्थलांतरविषयक पत्रव्यवहार तेथे आढळतो. तो प्रामुख्याने धोरण व प्रशासन यांविषयी असल्याने व्यक्तींच्या शोधात त्याचा उपयोग मर्यादित आहे. कोल्हापूर संस्थानची कागदपत्रे कोल्हापूर येथील पुराभिलेखागारात आहेत. त्यांतील बराच भाग मोडी लिपीत असल्याने ती लिपी जाणणाऱ्याची मदत लागते.

जमीन महसुलाची कागदपत्रे व इनामांच्या नोंदी यांत खातेदार, पाटील, कुलकर्णी व वतनदार यांची नावे मिळतात. गावकामगारांनी ठेवलेल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, म्हणजे गाव नमुना १४, आणि शाळांच्या प्रवेश नोंदवह्या ही साधने महाराष्ट्रातील वंशावळीच्या कामी नेहमी वापरली जातात. परंतु १८५० च्या आसपास देश सोडलेल्या व्यक्तीसाठी ती बहुधा उशिराची ठरतात. गावी राहिलेल्या भावकीची पुढची पिढी त्यांत सापडू शकते, आणि तेवढ्यानेही मूळ कुटुंबाचा माग लागू शकतो.

दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकात हेळवी समाजाची परंपरा या कामी विशेष महत्त्वाची आहे. हेळवी हे परंपरागत वंशावळकार असून ते ठरावीक गावांतील ठरावीक घराण्यांकडे फिरतीवर येतात, पिढ्यांची नावे सांगतात, नवीन जन्मलेल्यांची भर आपल्या वहीत घालतात व मोबदल्यात धान्य किंवा पैसे घेतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर यांसारख्या क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही यात्रेला आलेल्यांची नावे, गाव व पूर्वज नोंदलेले असतात. या साधनांतील माहिती मॉरिशसच्या नोंदीतील नाव, पित्याचे नाव व गाव या तिन्हींशी जुळली, तरच ती ग्राह्य धरणे योग्य ठरते.

स्त्रियांच्या नोंदी

स्त्री आप्रवाशांनाही स्वतंत्र क्रमांक दिला जाई. त्यामुळे मातृकुळाचा शोध घेण्याची संधी या अभिलेखांत मिळते. भारतातील पारंपरिक वंशावळींत ती क्वचितच असते, कारण त्या बहुतांशी पुरुषांच्या नावांनी पुढे जातात. दुसरीकडे, मॉरिशसच्या कायद्यानुसार केवळ धार्मिक विधीने झालेला विवाह दिवाणी नोंदणी केल्याखेरीज वैध मानला जात नसे. अशा दांपत्याच्या अपत्याची नोंद कधी केवळ आईच्या नावाने झालेली दिसते. दाखल्यात पित्याचे नाव नसणे हा त्या काळच्या कायद्याचा परिणाम असू शकतो. त्यावरून कुटुंबाविषयी अन्य कोणताही निष्कर्ष काढू नये. अशा वेळी आईचा क्रमांक हाच शोधाचा धागा असतो.

महत्त्व

मॉरिशसमध्ये मराठी ही एका जिवंत समाजाची वारसाभाषा आहे. ती तेथील शाळांत शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. या समाजात मूळ गावाचा शोध हा जिव्हाळ्याचा विषय आहे. त्याला अलीकडे कायदेशीर बाजूही प्राप्त झाली आहे. भारताचे परदेशस्थ नागरिकत्वाचे कार्ड मिळवण्यासाठी भारतीय मूळ कागदोपत्री सिद्ध करावे लागते. सर्वसाधारण नियमानुसार ही पात्रता मर्यादित पिढ्यांपुरती असल्याने एकोणिसाव्या शतकात गेलेल्यांचे बरेच वंशज तिच्याबाहेर राहत होते. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसच्या दौऱ्यात सातव्या पिढीतील भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांनाही हे कार्ड मिळण्याची विशेष तरतूद जाहीर केली. परिणामी मजुरावर पहारा ठेवण्यासाठी दिलेला क्रमांक त्याच्या वंशजांच्या हक्काचा पुरावा ठरू लागला.

महात्मा गांधी संस्थेची पायाभरणी १९७० मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाली व १९७६ मध्ये तिचे उद्घाटन झाले. संस्थेच्या अभिलेख विभागात वंशजांना पूर्वजांच्या नोंदी शोधून दिल्या जातात. मॉरिशसमधील करारबद्ध आप्रवासनाच्या अभिलेखांचा समावेश २०१५ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदणीत करण्यात आला.

मर्यादा

आगमन नोंदवहीतील वय अनेकदा अंदाजाने लिहिलेले असते. भरती करणाऱ्या दलालांच्या सांगण्यावरून किंवा स्वतःच्या इच्छेने काही जण वेगळे नाव वा गाव सांगत. काही नोंदवह्यांची पाने जीर्ण झाली असून शाई फिकट पडली आहे. मजूर का निघाला, कर्जामुळे, दुष्काळामुळे की घरातील कलहामुळे, हे नोंद सांगत नाही. नोंदीतील ‘मळा सोडून गेला’ हा शेरा मालकाच्या बाजूचा आहे. मजुराचे म्हणणे त्यात नाही. म्हणून कौटुंबिक आठवणी आणि अभिलेख ही दोन्ही साधने परस्परांच्या कसोटीवर घासून घ्यावी लागतात. छायाचित्रे व जातीच्या नोंदी प्रसिद्ध करताना वंशजांच्या भावनांचा विचार करणेही इष्ट मानले जाते.

इतर देशांतील समांतर उदाहरणे

गरिबांवर देखरेख ठेवण्यासाठी तयार झालेल्या नोंदींतून पूर्वज शोधण्याची परंपरा अन्यत्रही आहे. आयर्लंडमध्ये १८३८ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या दारिद्र्यगृहांच्या, म्हणजे वर्कहाउसच्या नोंदवह्यांत निराधारांचे नाव, वय, प्रकृती व राहण्याचे ठिकाण लिहिले जाई. १९२२ मध्ये डब्लिन येथील सार्वजनिक अभिलेखागाराला लागलेल्या आगीत १८२१ ते १८५१ या काळातील जनगणनांची बहुतेक मूळ पत्रके नष्ट झाली. त्यामुळे स्थानिक दप्तरांत वाचलेल्या या नोंदवह्यांना तेथे विशेष मोल आले.

भारतीय करारबद्ध मजुरांच्या बाबतीत सुरीनाम व दक्षिण आफ्रिकेतील नाताळ येथील आप्रवाशांच्या याद्या वंशजांना उपलब्ध आहेत. फिजी, गयाना, सुरीनाम आणि त्रिनिदाद व टोबॅगो येथील अशा अभिलेखांचा ‘जागतिक स्मृती’ नोंदणीत २०११ मध्ये समावेश झाला. या सर्व ठिकाणी शोधाचे सूत्र सारखेच आहे: आधी क्रमांक, मग नाव, मग गाव.

हेही पाहा

आप्रवासी घाट
गिरमिटिया
मॉरिशसमधील मराठी भाषक
मोडी लिपी
हेळवी